कौत्साचे सोने आणि बाजाराचे ‘मोफत’

आज सायंकाळी सीमोल्लंघन करून मंडळी परतली, की घरोघरी आपट्याच्या पानांची देवघेव सुरू होईल. धाकटे थोरांच्या हाती पान ठेवून पाया पडतील, थोर पाठीवरून हात फिरवतील, आणि वर्षभर ज्यांच्याशी अबोला धरला त्यांच्याही उंबरठ्यावर आपण या एका पानाच्या आधाराने पाऊल टाकू. या पानामागची कथा वाचकांना ठाऊक आहे. आम्ही ती गेली चाळीस वर्षे अमरावती-अकोल्याच्या देवळांतून कीर्तनाच्या उत्तररंगात सांगत आलो आहोत. तरीही दरवर्षी एक गोष्ट जाणवते. सोन्याचा पाऊस पडला, येथवर श्रोते तल्लीन होऊन ऐकतात. पुढची कथा सुरू झाली, की त्यांचे लक्ष आरतीच्या तबकाकडे जाते. आज ती पुढचीच कथा सांगावयाची आहे. सणासुदीच्या बाजारात जे चालले आहे, त्याचे मर्म तिच्यात आहे.

वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स विद्या संपादून गुरुदक्षिणेचा हट्ट धरून बसला. तुझी सेवा हीच दक्षिणा, असे गुरूंनी सांगितले, तरी त्याने ऐकले नाही. तेव्हा रागावून त्यांनी चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे आला. राजा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला. अतिथीला अर्घ्य द्यावयास त्याच्यापाशी मातीचे पात्र उरले होते. तथापि याचक विन्मुख जाऊ नये, म्हणून त्याने कौत्साला दोन-तीन दिवस थांबवून घेतले आणि कुबेरावर स्वारी करण्याचे योजिले. पहाटे पाहतात तो कोषागारात सुवर्णवृष्टी झालेली. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात हा वर्षाव कोषागारात सांगितला आहे. आपल्या लोककथेने तो आपट्याच्या झाडावर आणला, म्हणून आपट्याचे पान सोने झाले.

पुढची कथा अशी, की रघू म्हणाला, हे सर्व सोने तुझ्यासाठी आले आहे, सर्व घेऊन जा. कौत्स म्हणाला, माझे देणे चौदा कोटींचे. त्याहून एक मुद्रा अधिक मला नको. कालिदास सांगतो, की अयोध्येच्या नागरिकांना त्या दिवशी देणारा आणि घेणारा असे दोघेही सारखेच वंदनीय वाटले. देणाऱ्याने मोजले नाही आणि घेणाऱ्याने मोजून घेतले, हे या कथेचे सार होय. ज्या याचकाने समोर पडलेले फुकटचे सोने नाकारले, त्याचे स्मरण म्हणून आपण आज पाने वाटतो.

फलकांची आरास

आता बाजारात येऊ. घटस्थापनेपासून अमरावतीत राजकमल चौकापासून जवाहर रोडपर्यंत, आणि अकोल्यात गांधी रोड व टिळक रोडवर, फलकांची जी आरास लागते ती देवीच्या आराशीहून मोठी असते. ‘एकावर एक मोफत’, ‘पन्नास टक्के अधिक वीस टक्के सूट’, ‘जुने द्या नवे न्या’, ‘शून्य व्याज’, ‘प्रत्येक खरेदीवर हमखास भेट’. घरातील मुलांच्या हातातील मोबाइलवर हीच आरास रात्रंदिवस उघडी असते. तेथे तर ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ असे सांगणारे घड्याळही टिकटिकत असते.

आम्ही बाजाराचे वैरी नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो. सणाला नवे वस्त्र, धनत्रयोदशीला नवे भांडे, पाडव्याला नवी चोपडी, ही आपलीच रीत. व्यापाऱ्याचे वर्षभराचे गणित या महिन्यावर उभे असते आणि त्याच्या पदरी काम करणाऱ्या पोरांची दिवाळीही त्यातूनच होते. स्वस्त मिळेल तेथून वस्तू घ्यावी, यात अधर्म नाही. काटकसर हा तर गृहिणीचा धर्मच होय. आपल्या आज्या बोहारणीशी तासभर घासाघीस करीत आणि चार जुन्या लुगड्यांवर स्टीलचे पातेले मिळवीत. ‘जुने द्या नवे न्या’ ही योजना तेव्हाही होती. भेद इतकाच, की आजीला आपल्या लुगड्याची किंमत ठाऊक होती आणि पातेल्याचीही. आपल्याला या दोन्हींपैकी एकाची तरी किंमत ठाऊक असते काय, हा आजचा प्रश्न आहे. कारण या बाजारात कथेच्या नेमके उलटे घडते. येथे देणारा पै-पै मोजून देतो, आणि घेणारा मोजायचे विसरतो.

हे देतो कोण?

दानाचा विचार करताना शास्त्र दात्याकडे पाहावयास सांगते. तीच दृष्टी सवलतीकडे वळविली, म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. प्रत्येक सुटीमागे कोणी तरी पैसे भरणारा असतो. तो कोण, हे विचारावे.

‘रिबेट’ हा शब्द आमच्या कानी प्रथम पडला तो वडिलांचे बोट धरून गेलो त्या खादी भांडारात. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर खास सूट मिळे. पावतीवर मूळ किंमत, वजावट आणि उरलेली रक्कम स्वच्छ लिहिलेली असे. त्या वजावटीचा भार सरकार उचलीत असे. सूत कातणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या हातांना काम राहावे, हा त्यामागचा हेतू सर्वांना ठाऊक होता. पुढे २०१०-११ पासून विक्रीवरील त्या रिबेटऐवजी उत्पादनाच्या मूल्यावर साहाय्य देण्याची पद्धत आली. पद्धत बदलली, पण दाता कोण आणि हेतू काय, हे पावतीवर वाचता येणारी सूट कशी असते, याचा तो नमुना आमच्या मनात कायम राहिला.

दुसरा नमुना २०२५ सालचा. त्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट व केशतेल यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला; मोठे दूरचित्रवाणी संच व वातानुकूलन यंत्रे २८ वरून १८ टक्क्यांवर आली. केंद्र सरकारने त्यास ‘बचत उत्सव’ असे नाव दिले. ग्राहकाला लाभ झाला, हे खरेच. पण त्यानंतर आमच्या बाजारात काही फलक असे लागले, की जणू ही कपात दुकानदाराने पदरचीच केली आहे. करकपात हा कायद्याने मिळालेला हक्क होय. दुकानाची सूट तिच्याखेरीज वेगळी असेल, तरच ती दुकानाची.

तिसरा नमुना शिधावाटपाचा. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ सुरू केला. पुढे शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तो मिळू लागला; त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. गरिबाच्या घरी त्या शिध्याने करंजी तळली गेली, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु २०२५ च्या दिवाळीत तो शिधा मिळाला नाही, आणि त्याच्या भरवशावर राहिलेल्या घरांची ऐन सणात धावपळ झाली. दुसऱ्याच्या देण्यावर आपला सण उभा करू नये, एवढाच बोध यातून घ्यावयाचा.

या तिन्ही ठिकाणी दाता दिसतो. ‘एकावर एक मोफत’ या फलकामागे मात्र दाता शोधू गेल्यास बहुधा आपणच सापडतो. दुसऱ्या वस्तूची किंमत पहिलीत मिसळलेली असते, किंवा न खपलेला माल आपल्या कपाटात हलविलेला असतो. हे दान नव्हे, हा क्रयविक्रय होय. क्रयविक्रय म्हणून तो करण्यास हरकत नाही. प्रसाद म्हणून मात्र त्याला हात जोडू नयेत.

टक्क्यांचा हिशेब

कीर्तनकाराने अंकगणितात शिरू नये, असे कोणी म्हणेल. परंतु सूक्ष्म हिशेब हा आपल्या परंपरेला परका नाही. पंचांग हे अवघे गणितच आहे.

‘पन्नास अधिक वीस’ म्हणजे सत्तर नव्हे. हजाराचे वस्त्र पन्नास टक्क्यांनी पाचशेस आले. त्या पाचशेचे वीस टक्के म्हणजे शंभर. किंमत चारशे झाली, म्हणजे सूट साठ टक्के. २८ टक्क्यांचा कर १८ वर आला म्हणजे वस्तू दहा टक्क्यांनी उतरली, असेही नव्हे. करासह ३२,००० चा संच मुळात २५,००० चा. नव्या दराने तो २९,५०० ला पडतो. उतार २,५०० चा, म्हणजे आठ टक्क्यांहूनही किंचित कमी. उलट ५९ रुपयांचे साबणाचे पाकीट मुळात ५० चे. नव्या दराने ते ५२ रुपये ५० पैशांस यावयास हवे, म्हणजे येथे उतार अकरा टक्क्यांचा. मोठ्या यंत्राच्या फलकाने आपण हुरळून जातो आणि साबणाच्या पाकिटावरील किंमत वाचत नाही. लाभ तर रोजच्या पाकिटातच अधिक आहे.

‘दोन हजारांच्या खरेदीवर पाचशेचे कूपन’ ही आणखी एक मोहिनी. ते कूपन पुढच्या खेपेस, तेही अडीच हजारांच्या खरेदीवरच चालते, असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. म्हणजे साडेचार हजारांच्या मालावर पाचशे सुटले, अकरा टक्के. आणि दुसऱ्या खरेदीची गरजच नव्हती, तर सूट कसली? तो दोन हजारांचा जादा खर्च झाला.

छापील किमतीविषयीही एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. पाकिटावरील कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसह असते आणि तिच्याहून अधिक कोणी घेऊ नये, हा तिचा अर्थ. वस्तू तेवढ्या योग्यतेची आहे, अशी ती साक्ष नव्हे. मूळ आकडाच फुगवून छापला असेल, तर त्यावर चाळीस टक्के सोडण्यास औदार्य लागत नाही. म्हणून सूट किती, हे न विचारता हाती पडताना वस्तू कितीला पडते, हे विचारावे. आणि पाकिटावर आता प्रतिग्रॅम वा प्रतिनग जी किंमत छापलेली असते, तिच्यावरून दोन पाकिटे ताडून पाहावीत. किंमत तीच ठेवून आतील वजन घटविण्याची युक्ती या एका आकड्याने उघडी पडते.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. नातीच्या बारशासाठी पाच ग्रॅमची साखळी घ्यावयाची होती. एका पेढीवर ‘घडणावळीवर पंचवीस टक्के सूट, शिवाय चांदीचे नाणे मोफत’ असा फलक होता. नाण्यावर लक्ष्मीची मूर्ती होती, आणि आमचा हात खिशाकडे गेला, हे कबूल केले पाहिजे. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, सोन्याचा भाव सगळीकडे एकच असतो. घडणावळ किती ते आधी विचारू या.” येथे ती अठरा टक्के निघाली. शेजारच्या पेढीवर कसलीही सूट नव्हती. घडणावळ बारा टक्के होती. हिशेब सोपा व्हावा म्हणून सोन्याची किंमत पन्नास हजार धरा. पहिल्या ठिकाणी घडणावळ नऊ हजार, सूट जाता सहा हजार सातशे पन्नास; दुसऱ्या ठिकाणी सहा हजार. ‘मोफत’ नाणे एक ग्रॅमचे होते आणि त्यासाठी साडेसातशे रुपये मोजावे लागले असते. आम्ही शेजारी गेलो. साखळीवरील हॉलमार्क आणि १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची झालेली सहा अंक-अक्षरांची ओळखखूणही सूनबाईंनीच तपासून घेतली. रघुवंश आम्ही शिकविला. कौत्स मात्र घरात दुसरेच कोणी निघाले.

बिनव्याजी म्हणजे काय?

या सर्वांहून गंभीर प्रकार शून्य व्याजाच्या हप्त्याचा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले, की शून्य टक्के व्याज ही वस्तुतः अस्तित्वात नसलेली कल्पना आहे आणि व्याजाचा भार अन्य शुल्कांत लपवू नये. व्याज नाहीसे होत नसते. ते किमतीत किंवा शुल्कात जाऊन बसते.

समजा, एक फ्रीज २४,००० चा आहे. रोखीने घेणाऱ्यास दुकानदार १,५०० सोडतो, म्हणून तो २२,५०० ला पडतो. हप्त्याने घेणाऱ्यास दोन हजारांचे बारा हप्ते, आणि कागदपत्रांचे शुल्क म्हणून आधीच ५०० द्यावे लागतात. खऱ्या अर्थाने त्याला २२,००० चेच कर्ज मिळाले आणि तो २४,००० फेडतो. हप्ते दरमहा जात असल्याने हे व्याज दरसाल दर शेकडा सोळाच्या आसपास जाते. ज्याला ‘बिनव्याजी’ म्हटले, त्याचा हा दर! एखादा हप्ता चुकला, की दंड निराळाच. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उपहासाने केली होती; आज तिलाच जाहिरातीचे रूप आले आहे.

याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर खेड्यापाड्यांतून हातात खराटा घेऊन जे कीर्तन केले, त्यात कर्ज काढून सण, लग्ने व तेरव्या करू नका, हा उपदेश पुनःपुन्हा येत असे. आम्ही त्यांच्या पायांच्या धुळीचेही अधिकारी नाही. परंतु त्या उपदेशाची गरज आज त्यांच्या काळाहून उणी झालेली नाही, असे आमच्या नित्य दृष्टीस पडते.

वऱ्हाडाने दिलेली सूट

येथवर आम्ही शहराच्या पेठेत फिरलो. आता ज्या घरातून पेठेत पैसा येतो, तेथे जाऊ. वऱ्हाडातील सण सोयाबीन आणि कापसावर होतो. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन खळ्यावर येते, दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोर धरते, आणि याच पंधरा-वीस दिवसांत पेठेतील फलक सर्वांत मोठे होतात. हा योगायोग नव्हे. शेतकऱ्याच्या हाती रोकड येण्याची वेळ व्यापाराला अचूक ठाऊक असते.

आता त्या रोकडीचा भाव पाहा. केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये व २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये ठरविला. दोन्ही हंगामांत आवकेच्या दिवसांत खुल्या बाजारातील भाव त्याच्या पुष्कळच खाली राहिले. शिवाय ओल्या मालाला आर्द्रतेच्या नावाने कटती. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. हमीभावाची सोयाबीन खरेदी सुरू व्हावयास नोव्हेंबरचा मध्य उजाडला. सण आधी, खरेदी नंतर. मधल्या दिवसांत ज्याला पैशाची निकड होती, त्याने मिळेल त्या भावाला माल घातला.

समजा, दहा क्विंटल सोयाबीन ४,२०० च्या भावाने गेले. हमीभावाहून क्विंटलमागे १,१२८ रुपये कमी, दहा क्विंटलला ११,२८० रुपये. सवलतीच्या भाषेत बोलावयाचे, तर शेतकऱ्याने बाजाराला एकवीस टक्के सूट दिली. या सुटीचा फलक कोणत्याही चौकात लागला नाही. तोच गृहस्थ मग दूरचित्रवाणी संचावर दोन-अडीच हजार सुटले, म्हणून समाधान मानीत घरी आला.

दर्यापूरकडील एका खेड्यात आमचे कीर्तन होते. रात्री पंगत उठल्यावर एक तरुण शेतकरी जवळ येऊन बसला. सोयाबीन इतक्या लवकर का विकले, असे आम्ही सहज विचारले. तो म्हणाला, “महाराज, हप्ता काई भाव पाहून येत नाई. थो तर पाच तारखेले येतेच. सोयाबीन इकलं नाई तं भरू कुठून?” हप्ता मोबाइलचा होता, वर्षभरापूर्वी ‘शून्य व्याजा’ने घेतलेला. त्या दोन हजारांच्या हप्त्यापायी त्याने घरात ठेवता येण्यासारखे पाच क्विंटल पडत्या भावाने घातले होते. आम्ही उत्तररंगात कौत्स सांगून नुकतेच उठलो होतो. त्या तरुणाला द्यावयास आमच्यापाशी एकही शब्द नव्हता.

या एका संभाषणाने आम्हांस जे कळले, तेच या लेखाचे तात्पर्य होय. फसवी सवलत केवळ दोन-चारशे रुपये नेत नाही. ती माणसाची थांबण्याची शक्ती हिरावते. ज्याच्यावर हप्ता नाही, तो खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत माल घरात ठेवू शकतो. ज्याच्यावर आहे, तो खळ्यावरूनच माल घालतो. हमीभाव कितीही जाहीर झाला, तरी तो पदरात पाडून घेण्यास चार आठवड्यांची उसंत लागते. ती उसंत पेठेत विकली जाऊ नये. सरकारी खरेदी सणापूर्वी सुरू व्हावी, ही मागणी शेतकऱ्यांनी जोराने केलीच पाहिजे, आणि ती न्याय्य आहे. पण ती पूर्ण होईपर्यंत आपल्या घराची निकड वाढविणे तरी आपल्या हातात आहे की नाही?

कायद्याचे कवच

बाजारात जाताना धर्मबुद्धीबरोबर कायद्याचे थोडे ज्ञानही पदरी असावे. १९८४ साली मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथा प्रथमच कायद्याच्या कक्षेत आल्या. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. भेट देण्याचा हेतू नसताना ती जाहीर करणे, किमतीतच खर्च वसूल करून वस्तू मोफत असल्याचे भासविणे, बक्षिसांची सोडत ठेवून निकाल दडविणे, या सर्व गोष्टी या कायद्याने अनुचित प्रथा ठरतात. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर ‘मोफत’ शब्दालाच मर्यादा घातली. स्वस्त मालाचे आमिष दाखवायचे आणि तो पुरेसा ठेवायचाच नाही, यालाही त्यांत मज्जाव आहे. नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांनी मोबाइलवरील खोटी घाई, न मागता टोपलीत घातलेल्या वस्तू आणि शेवटी वाढणारी किंमत हे प्रकार निषिद्ध ठरविले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये असेही म्हटले, की छापील किमतीवर सूट जाहीर करून उरलेल्या रकमेवर पुन्हा निराळा कर आकारणे ही अनुचित प्रथा होय. कारण छापील किंमत सर्व करांसहच असते.

तक्रार करणे कठीण नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोग अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही. वस्तू दूरच्या शहरातून मागविली असली, तरी ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार मांडता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. अट एकच, की पावती हवी. ‘बिल नको, अजून दोनशे कमी करतो’ ही जी अखेरची सूट देऊ केली जाते, ती घेतली म्हणजे आपण आपल्या हाताने हे कवच उतरवून ठेवतो.

आपले चौदा कोटी

मग करावे काय? कौत्साजवळ एक गोष्ट होती, जी आपल्याजवळ बहुधा नसते. राजाच्या दारी जाण्यापूर्वी त्याला आकडा ठाऊक होता. म्हणूनच सोन्याची रास पाहूनही त्याचे चित्त ढळले नाही. आपणही घराबाहेर पडण्यापूर्वी आपले चौदा कोटी ठरवावेत. घटस्थापनेच्या आधी घरातील सर्वांनी बसून सणाची यादी करावी. तीत गरजेची वस्तू, तिच्यासाठी ठरलेली रक्कम आणि ती रोख आहे की नाही, हे तीन रकाने असावेत. यादीतील वस्तूवर जी जी सूट मिळेल ती आनंदाने घ्यावी, दोन दुकाने फिरून घ्यावी, घासाघीस करून घ्यावी. यादीबाहेरची वस्तू कितीही स्वस्त असो, ती आपल्यासाठी पंधरावी कोटी होय.

दुसरी गोष्ट, एकट्याने सवलत मागण्यापेक्षा दहांनी मिळून भाव ठरविणे केव्हाही श्रेयस्कर. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासदांचे लहान लहान संघ महिन्याचा किराणा एकत्र मागवून आपसांत वाटून घेऊ लागले. त्यात सोडत नाही, नाणे नाही, फलक नाही. मधले टप्पे गळाल्याने जी बचत होते ती सर्वांच्या वाट्यास येते. आपल्याकडे भजनी मंडळे आहेत, महिलांचे बचत गट आहेत. दिवाळीचा रवा, साखर, डाळ आणि तेल एवढे जरी वीस घरांनी मिळून ठोक भावाने आणले, तरी या सुटीचा दाता कोण, हे शोधावे लागणार नाही.

आणि तिसरी गोष्ट मुलांविषयी. २०२५ साली दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली होती. त्या सायंकाळी आमच्या नातवाने विचारले, “आबा, हे पान तर फुकटच मिळते, मग याला सोने का म्हणायचे?” आम्ही त्याला कौत्साची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आणि या खेपेस उत्तरार्ध आधी सांगितला. तो म्हणाला, “म्हणजे पुरे म्हटले त्याचे सोने झाले.” आम्ही त्यावर अधिक निरूपण केले नाही.

वाचकहो, आज पान हाती घ्याल तेव्हा वरतंतूच्या त्या शिष्याचे स्मरण ठेवावे. बाजारात अवश्य जावे, मोजून घ्यावे, पावती घ्यावी, आणि पुरे म्हणावे. ज्यांच्या घरी खळ्यावरचा माल अजून विकला गेलेला नाही, त्यांना तो योग्य भावापर्यंत राखण्याचे बळ अंबामाता देवो. सर्वांस विजयादशमीच्या शुभेच्छा.